चार वर्षांचे आबा

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा सगळ्यांत आधी त्याचा कान तपासला गेला. आजोबांच्या उजव्या कानामागे मुगाएवढा तीळ होता. जळगावच्या दवाखान्यात नर्सने बाळ हातात दिलं न दिलं तोच माझ्या मोठ्या आत्याने त्याचा कान दुमडून पाहिला, आणि "आबा आले" म्हणून तिथल्याच बाकावर बसकण मारली. आजोबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मग नाव ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही. पाळण्यात पुंडलिक हे आजोबांचंच नाव त्याच्या कानात सांगितलं गेलं आणि ते तिथेच राहिलं, कारण आमच्या घरात ते कुणाच्याच तोंडून निघेना. आईने सासऱ्याचं नाव घेणं शक्य नव्हतं. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, ते आपल्या बापाला नावाने हाक कशी मारणार? त्यामुळे दात यायच्या आधीच माझा भाऊ आबा झाला. आई तर त्याला अहो-जाहो करायची. दुपटं बदलताना ती "आबा, पाय वर करा" म्हणायची, तेव्हा मला हसू यायचं. पण घरात दुसरं कुणी हसत नसे, म्हणून मीही हसायची थांबले.

असोद्याला आमचं घर स्लॅबचं, दोन खोल्या आणि पुढे ओसरी. कापूस निघाला की पुढची खोली छतापर्यंत भरायची आणि आम्ही मागच्या खोलीत दाटीने राहायचो. अंगाला खाज सुटायची आणि झोपेतसुद्धा नाकात सरकीचा वास असायचा. ओसरीत आजोबांची बाज होती. त्यांच्यानंतर ती उभी करून ठेवली होती, ती भावाला बसता येऊ लागल्यावर पुन्हा टाकली गेली. तिच्यावर तो एकटा बसे. पहिलं ताट त्याचं. थंडीत वांगी आली की परसात कापसाच्या काड्यांवर ती भाजली जायची, मग लाकडी उखळात आई आणि शेजारच्या काकू ती ठेचायच्या, आणि तो ठक ठक आवाज गल्लीभर जायचा. भरीत झालं की आधी वाटीत काढून बाजेवर पोहोचायचं. तो बोट घालायचा, चाखायचा, आणि बहुतेक वेळा वाटी अंगणात भिरकावायचा.

इथेच आमच्या घरची खरी गंमत होती, आणि ती कळायला मला बाहेरची माणसं भेटावी लागली. आजोबा रागीट होते. मीठ कमी पडलं की ताट भिरकावायचे. राग आला की उजव्या हाताने उजवा कान ओढायचे. आता दीड वर्षाचं कुठलंही मूल वाटी फेकतं आणि कानही ओढतं. पण आमच्याकडे वाटी उडाली की आत्या डोळ्यांना पदर लावायची, "पाह्यलं का, तेच, जसेच्या तसे." वाटी दुसरी यायची, वर साखर पडायची. नशिराबादहून आजोबांचे एक दोस्त यायचे, त्यांच्या पोटरीला तो चावला तेव्हा ते धोतर सारखं करत ओळख पटल्याच्या समाधानाने म्हणाले, "वयखलं मले त्यानं." म्हणजे जेवढा तो वाईट वागेल तेवढी आबा परत आल्याची खात्री पटायची, आणि जेवढी खात्री पटेल तेवढं त्याचं कौतुक व्हायचं. शहाण्यासारखा वागला तर मात्र त्याच्याकडे कुणी पाहत नसे. पोराने काय शिकावं? चौथं वर्ष लागेपर्यंत त्याने आमच्या घराचा ताबा घेतला होता.

नानांचं ह्यात वेगळंच होतं. आजोबा आणि नाना शेवटची दोन वर्षं बोलत नव्हते. विहिरीजवळच्या वावरात कापूस ठेवायचा की केळी लावायची, एवढ्यावरून. नानांनी केळी लावली आणि आजोबांनी त्या वावरात पाऊल टाकणं सोडलं. आजोबा गेले तेव्हा नाना त्याच केळीचा ट्रक भरत होते. निरोप मिळून घरी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते रडले नाहीत, पण नंतर भावाला मांडीवर घेऊन ते जे काही पुटपुटायचे ते मी एकदा ऐकलं आहे. "आबा, ह्या साली कापूसच लावतो." आणि खरोखर त्यांनी विहिरीजवळची केळी काढून कापूस लावला. तीन वर्षांच्या पोराला विचारून.

माझा वाटा लपवून काही फायदा नाही. मी अकरा-बारा वर्षं घरात एकटी होते, लाडकी नव्हते पण एकटी तरी होते. भाऊ आला आणि मी पाणी आणणारी झाले. मग माझ्या लक्षात आलं की आजोबांची बोलण्याची ढब मला चांगली आठवते. मी भावाला एकेक वाक्य शिकवायला लागले. "माह्या बाजीले हात कोनी लावला?" "चहा हाये का काढा?" गूळ-शेंगदाण्यावर तो पटकन शिकायचा. पाहुणे आले की मी त्याला नुसती खूण करायचे. तो म्हणायचा, बायका तोंडाला हात लावायच्या, आणि मी त्याच्याशेजारी उभी असायचे, म्हणून थोडं कौतुक माझ्यावरही सांडायचं. त्याला शिकवतं कोण, हे कुणी कधी विचारलं नाही. त्यांना विचारायचंच नव्हतं, असं आता वाटतं.

दहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. बालवाडीच्या बाईंनी भावाला घरी पाठवलं. त्याने तीन मुलांना चावे घेतले होते. आणि नानांनी जाहीर केलं की मी अकरावीला जळगावला जायचं नाही. आईला वावरात जावं लागतं, आबा शाळेत टिकत नाहीत, तेव्हा ज्योतीने घरी राहून त्यांना सांभाळायचं. "आबाचं शाळेत बसलं का मंग पाहू," असं ते म्हणाले. मला सायन्सला जायचं होतं. आमच्या गल्लीत 'मंग पाहू' म्हणून घरी राहिलेल्या दोन मुली होत्या, दोघींची लग्नं झाली होती. चारच दिवसांनी भावाने मागितलेली दही-साखर द्यायला मी उशीर केला म्हणून त्याने पितळी तांब्या फेकला तो माझ्या भुवईवर बसला. चार टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी कुणी मारलं ते विचारलं. आईने "आबांनी" सांगितलं. किती वय, म्हणाले. चार, ती म्हणाली. डॉक्टरांनी हातातली कात्री ठेवली आणि मुलांच्या वागण्यावर काम करणाऱ्या एका मॅडमचा पत्ता कागदावर लिहून दिला.

मॅडम धुळ्याच्या होत्या, तिशीच्या आतबाहेरच्या. जळगावात एका पंपांच्या दुकानावर दोन खोल्यांत त्यांचं काम चालायचं. मला वाटलं होतं की त्या भावाला तपासतील, औषध देतील. त्यांनी त्याच्याकडे फारसं पाहिलंसुद्धा नाही. "शिकायचं आईवडिलांनी," त्या म्हणाल्या. "मूल आठवड्यातून एक तास माझ्याकडे, बाकी सगळा वेळ तुमच्याकडे." एका खोलीत सतरंजी, ठोकळे, एक डबा आणि एक लाकडी खुर्ची. मधल्या खिडकीच्या काचेला मोटारीला लावतात तसली फिल्म. दुसऱ्या खोलीतून आत दिसायचं, आतून मात्र आपलंच तोंड दिसायचं. आईच्या कानात बटणाच्या मोबाइलची वायर, आणि काचेमागून मॅडम तिला फोनवर हळू आवाजात सांगायच्या, आता काय बोलायचं, आता गप्प बसायचं. घरात मूल सांभाळणारी म्हणून मीही त्यांच्याशेजारी बसून पाहायचं होतं.

पहिला धडा रोज पाच मिनिटं खेळण्याचा. प्रश्न नाही, हुकूम नाही, चुका काढणं नाही. मूल जे करेल ते बोलून दाखवायचं, चांगलं केलं तर नेमकं काय चांगलं ते सांगायचं, आणि आदळआपट केली तर मान वळवायची. आई सतरंजीच्या टोकाला पदर सावरून बसली आणि म्हणाली, "आबांनी लाल ठोकळा ठेवला. आबा किती जपून ठेवतात." मॅडमनी फोन खाली घेतला आणि मला विचारलं, चार वर्षांच्या मुलाला ही असं का बोलते. मी तीळ, बाज, ताट, सगळं सांगितलं. त्या हसतील म्हणून मी आधीच शरमले होते. त्या हसल्या नाहीत. आई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ताई, आजोबा आले असतील तर आले असतील, मी नाही म्हणत नाही. पण आता त्यांचं वय चार आहे ना? मग चार वर्षांच्या मुलाला जे लागतं ते द्या." आईला हे एकदम पटलं. आजवर तिला ह्यातलं इतकं सोपं कुणी सांगितलंच नव्हतं. महिनाभरात ती तरबेज झाली. घरी वाटी उडाली तरी ती भाकरी थापत राहायची, आणि तो वाटी उचलून आणी तेव्हा म्हणायची, "स्वतः उचलून आणली, छान केलं." पण संध्याकाळी नाना यायचे, आणि दुसऱ्या वाटीत साखर घालून सगळं पाण्यात घालवायचे.

माझा भाऊ आता चांगला उंचापुरा आहे, एका बागायतदाराकडे ठिबकची कामं पाहतो. त्याला ह्यातलं काही आठवत नाही. माझ्या भुवईवरची खूण पाहून तो दर दिवाळीला विचारतो, मी खरंच मारलं होतं का? आणि खरं सांगते, माझा त्याच्यावर तेव्हाही राग नव्हता. माझा राग नानांवर होता.

मॅडमनी निरोप पाठवला, पुढच्या बुधवारी वडील आले नाहीत तर मी हे बंद करते. नाना आले. इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याची बाटली घेऊन आले. बाईमाणसाने कानात बसून सांगायचं म्हणजे काय, अशी कुरकुर करत त्यांनी वायर लावून घेतली. आणि मग नवल झालं. पाच मिनिटांच्या खेळात त्यांनी ठोकळ्यांची विहीर बांधली, भावाने तिच्यात हात घालून पाणी काढलं, नानांनी ते प्यायल्यासारखं केलं, आणि दोघं असे हसले की मॅडम फोन कानाला लावून नुसत्या पाहत राहिल्या. नाना खेळायला उत्तम होते. अडचण दुसऱ्या धड्यात होती. एक साधा हुकूम द्यायचा. मनात पाच मोजायचे. ऐकलं नाही तर खुर्चीवर बसवायचं, तीन मिनिटं, न रागावता आणि न बोलता. मग पुन्हा तोच हुकूम. दोन बुधवार गेले, नानांच्या तोंडून हुकूम निघेना. निघाला की शेवटी "हां, आबा? कराल ना?" असं शेपूट यायचं. तिसऱ्या बुधवारी मॅडम मला म्हणाल्या, "आज झालं तर जूनपर्यंत घडी बसेल. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून." शाळा उघडायला चार आठवडे होते, त्याच सुमाराला अकरावीचे अर्ज सुटणार होते.

त्या दिवशी नानांनी हुकूम दिला. "निळा ठोकळा डब्यात ठेवा." भावाने ठोकळा भिंतीवर मारला आणि कान ओढला. मॅडम फोनवर म्हणाल्या, "भाऊ, खुर्ची." नाना उठले, त्याच्याजवळ गेले, आणि त्याला उचलण्याऐवजी त्यांनी बाटलीचं झाकण उघडून पाणी पुढे केलं. भावाने बाटली ढकलली आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "तुह्या हातचं पानी नको मले."

हे आजोबांचं वाक्य होतं. केळी लावली त्या दिवशी अंगणात उभं राहून ते नानांना म्हणाले होते, आणि शेवटपर्यंत त्यांनी नानांच्या हातून पाणी घेतलं नव्हतं. घरात हे वाक्य कुणीही कधीही उच्चारत नसे. अकरावी नाही असं नाना म्हणाले त्या संध्याकाळी मीच ते भावाला शिकवलं होतं. इतर वाक्यं कौतुकासाठी शिकवली, हे मात्र लागावं म्हणून शिकवलं. मग भीती वाटली आणि मी त्याला खूण केलीच नाही. मला वाटलं होतं, लेकरू विसरलं असेल.

नाना खाली बसले. त्यांनी चार वर्षांच्या पोराच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते रडू लागले. आजोबा गेल्यापासून न रडलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. भाऊ घाबरला, मग त्यालाही रडू फुटलं. मॅडमना काही कळेना, त्या शेजारी बसलेल्या आईला म्हणाल्या, "त्यांना बाहेर बोलावते मी. आज बंद करू." मला तेव्हा काय वाटलं ते मी नेमकं सांगू शकते, कारण त्यात उदात्त काही नव्हतं. मला वाटलं, गेली अकरावी. मी मॅडमच्या हातातून फोन घेतला.

"नाना, मी ज्योती बोलते. ते त्याले मी शिकवलं हाये. आबा नही बोलले. मी शिकवलं."

नानांनी मान वर केली आणि काचेकडे पाहिलं. त्यांना तिथे स्वतःच दिसत असणार. मी बोलत राहिले, थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. "बाजीचं मीच शिकवलं. चहाचं, काढ्याचं, बठ्ठं मीच. त्याले काहीच नही माहीत, नाना. त्याले आबा कोन हेबी नही माहीत." 'बठ्ठं', म्हणजे सगळं, हा आमच्याकडचा शब्दही नव्हे, मॅडम घरच्यांशी फोनवर बोलायच्या तेव्हा कानावर पडून तोंडात बसला होता. आई माझ्याकडे पाहत होती. तिने मला थांबवलं नाही.

नानांनी बाटलीचं झाकण लावलं. ते लावायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी भावाला काखेत धरून उचललं आणि खुर्चीवर बसवलं. तो ओरडला, उतरला, त्यांनी परत बसवला. मॅडमनी फोन माझ्याकडून घेतला तेव्हा त्यांचं ऑफिसचं मराठी कुठे गेलं कोण जाणे, धुळ्याची अहिराणी बाहेर आली. "भाऊ, आते काईच बोलू नका," त्या म्हणाल्या. "रडू द्या त्याले. बठ्ठं बराबर शे." तीन मिनिटं नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खालच्या दुकानात कुणीतरी पंप चालू करून दाखवत होतं, त्याची घरघर येत होती. मग भाऊ हुंदके देत गप्प झाला. नानांनी हुकूम पुन्हा सांगितला. त्याने खुर्चीवरून उतरून निळा ठोकळा उचलला, डब्यात टाकला आणि वर पाहिलं. "आता सांगा, काय चांगलं केलं," मॅडम म्हणाल्या. "ठोकळा डब्यात ठेवला," नाना म्हणाले. "चांगलं केलं, पोरा."

त्यानंतर त्यांनी त्याला कधी आबा म्हटलं नाही. मॅडमनी सांगितलेलं सगळं त्यांनी पाळलं, आईपेक्षाही काटेकोर. आत्या येऊन भांडून गेली, माझ्या बापाला खुर्चीवर बसवता का म्हणाली. नानांनी तिला चहा दिला. भाऊ काही एका आठवड्यात सुधारला नाही, पण चावे बंद झाले, वाट्या उडायच्या कमी झाल्या, आणि जून उजाडला तेव्हा त्याला शाळेत घेतलं. माझ्याशी मात्र नाना बोलेनात. मारलं नाही, रागावले नाहीत, नुसतं बोलले नाहीत. मला मार चालला असता. माझ्या अर्जावर त्यांनी सही केली, पैसे आईजवळ दिले, आणि पहिल्या दिवशी मोटारसायकल काढून ते अंगणात उभे राहिले.

असोद्याहून जळगाव फार लांब नाही, पण तेवढ्या रस्त्यात ते एक अक्षर बोलले नाहीत. मी मागे दप्तर मांडीवर घेऊन बसले होते. मला हवं ते मिळालं होतं आणि त्याचा आनंद कुठे करावा ते समजत नव्हतं. कॉलेजच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली. मी उतरले. मुली आत जात होत्या, कुणी नवी चप्पल घातलेली, कुणी वेणीत फूल. मी "येते नाना" म्हटलं आणि वळले, तेव्हा ते बोलले. माझ्याकडे न पाहता, हँडलवरच्या हाताकडे पाहत.

"खोटं व्हतं ते मले मालूम व्हतं, ज्योती. येवढा काही मी येडा नही," ते म्हणाले. "पन चार वर्सं ते माह्यासंगं बोलले."

त्यांनी गाडी वळवली.